काळजी पोटात ठेवू नका



मन आणि पोट यांचे नाते आपल्या मायबोलीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वाईट बातमी कानी आली की पोटात गोळा येतो. मूल वेळेवर घरी परतले नाही की पोटात कालवाकालव होते. सावकार दारात उभा असला की घास घशाखाली उतरत नाही. आणि जे दुःख कोणाला सांगायचे नसते, ते आपण पोटात ठेवतो. बोलताना आपण हे सारे सहज बोलून जातो. पण प्रत्यक्ष पोट दुखू लागले, की दोष देतो तो कालच्या कचोरीला, नाहीतर वांग्याच्या भाजीला.

शेती आणि आरोग्य या दोन गोष्टी या पानावर शेजारी शेजारी छापल्या जातात, हे आम्हांस योग्यच वाटते. कारण शेतकऱ्याच्या घरात त्या वेगळ्या नसतात. मंडीतला भाव आणि जेवणानंतरची जळजळ यांचा एकमेकांशी संबंध आहे. मात्र तो संबंध नीट समजून घ्यायला हवा. तो मुळीच न मानणारा माणूस वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्या खात राहतो. उलट प्रत्येक दुखण्याला "टेन्शन आहे" म्हणून झटकून टाकणारा माणूस एखादा मोठा आजार अंगावर काढतो. दोघेही फसतात. या दोन्ही चुका आपल्या घरांत होऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

माळव्यातील काळजी

माळव्याच्या काळ्या जमिनीला पूर्वापार चांगले नाव आहे. पण चांगल्या जमिनीच्या मालकालाही रात्री झोप लागेलच असे नाही. सोयाबीनचेच पाहा. २०२४ च्या हंगामात सरकारी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि ऑगस्ट-सप्टेंबरात बाजारातला भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. ६,००० रुपयांची मागणी घेऊन शेतकरी ट्रॅक्टरसह रस्त्यावर उतरले. लसणाची गोष्ट याहून विचित्र. २०२२ मध्ये किलोला एक-दोन रुपये मिळेनात म्हणून लोकांनी लसूण फेकून दिला. दोनच वर्षांनी तोच लसूण शहरात तीनशे रुपयांच्या पुढे गेला. पण तोपर्यंत कित्येकांनी लसूण लावणेच सोडले होते. त्यात २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनजवळच्या शेतजमिनी लँड पूलिंग योजनेत घेण्याचे ठरले आणि २०२५ साली गावोगावी एकच चर्चा सुरू झाली. त्या वर्षाच्या अखेरीस ती योजना मागे घेत असल्याचे शासनाने जाहीर केले. तरी मधले ते महिने ज्यांची जमीन त्या पट्ट्यात होती त्यांनी कसे काढले असतील, याची कल्पना शेतकऱ्याला सांगावी लागत नाही.

पाऊस, भाव, कर्ज, जमीन. या काळज्यांना सुट्टी नसते. नोकरदार माणूस संध्याकाळी कचेरीला कुलूप लावून घरी येतो. शेतकऱ्याचे घरच शेतात असते आणि पीक उभे असेपर्यंत त्याचे मनही उभेच असते. अशी काळजी दोन-चार दिवसांची असेल तर शरीर सोसते. ती महिनोन् महिने राहिली, की पोट बोलू लागते.

पोटात काय घडते

ही केवळ म्हणण्याची गोष्ट नाही, डोळ्यांनी पाहिलेली आहे. १८२२ साली अमेरिकेत एका तरुण कामगाराच्या पोटात बंदुकीची गोळी घुसली. माणूस वाचला, पण जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून कित्येक वर्षे जठराचे काम पाहिले आणि १८३३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. माणूस रागावला की त्याच्या जठराच्या अस्तराचा रंग आणि रसाचा पाझर बदलतो, असे त्यांना आढळले. पुढे त्याच शतकाच्या शेवटी डॉ. वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांखाली मांजरांचे पोट पाहिले. मांजर शांत असले की जठर अन्न घुसळत असे. मांजर घाबरले किंवा चिडले, की ते घुसळणे थांबत असे.

असे का व्हावे? संकट समोर दिसले की शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. हृदय जोरात चालते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावते आणि पचनाचे काम मागे पडते. घरात आग लागली असता कोणी स्वयंपाक करीत बसत नाही, तसेच हे. जठर सुस्तावते, म्हणून भूक मरते आणि दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते. मोठे आतडे मात्र त्याच वेळी घाई करते, म्हणून परीक्षेच्या सकाळी मुलाला आणि कोर्टाच्या तारखेला बापाला दोनदोनदा शौचाला जावे लागते.

वाघ समोरून निघून गेला की हे सारे पूर्ववत होते. पण बँकेचा हप्ता काही निघून जात नाही. मग शरीर कायम सावध राहते. आपल्या आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचे मोठे जाळे आहे. त्यांची संख्या दहा कोटींच्या घरात सांगतात. मेंदू आणि पोट यांना जोडणारी एक लांब नस आहे आणि तिच्यातील बहुतेक तंतू पोटाकडचे निरोप मेंदूकडे नेतात. सततच्या चिंतेने हे निरोप अधिक तिखट होतात. एरवी जाणवलाही नसता इतका वायू आता कळ होऊन जाणवतो. दुखते म्हणून चिंता वाढते आणि चिंता वाढते म्हणून आणखी दुखते. रहाटासारखे हे चक्र फिरत राहते.

त्यात आपण तेल ओततो ते वेगळेच. झोप नाही म्हणून चहा, चहाबरोबर बिडी, भूक नाही म्हणून सकाळी उपाशीपोटी शेतावर आणि रात्री नऊला एकदम भरपेट जेवण व लगेच अंथरूण. गव्हाच्या हंगामात रात्रीची वीज आली की थंडीत पाणी द्यायला उठावे लागते, तो हंगामभर झोपेचा तर मेळच राहत नाही. काहीजण काळजी विसरण्यासाठी बाटली जवळ करतात. संत पौलाने तिमथीला पोटासाठी थोडासा द्राक्षारस सुचविला होता, हा दाखला अशा वेळी पुष्कळांना बरोबर आठवतो. तो दाखला देशी दारूला लागू पडत नाही, एवढेच आम्ही म्हणू. दारूने जठराचा दाह वाढतो आणि झोप तुटते. दुसऱ्या दिवशी काळजी असते तेथेच असते.

सगळे खापर काळजीवर फोडू नका

आता दुसरी बाजू. एके काळी डॉक्टरमंडळीही जठरातील व्रण, म्हणजे अल्सर, हा चिंता आणि तिखट यांचाच आजार मानीत. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोघांनी हे मत उलटविले. १९८२ मध्ये त्यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू प्रयोगशाळेत वाढविला. लोक मानीनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन दाखविला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज अशा व्रणाचा रुग्ण नेमून दिलेल्या औषधांचा दोन आठवड्यांचा क्रम पुरा करून बहुधा बरा होतो. पूर्वी त्यालाच वर्षानुवर्षे "चिंता करू नका" एवढेच सांगितले जाई.

व्रणाचे दुसरे मोठे कारण आपल्या घरातच असते. ते म्हणजे कंबर आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. निंदणीच्या दिवसांत उपाशीपोटी रोज अशी गोळी खाणाऱ्याचे पोट जळले, तर त्यात आश्चर्य नाही. झोळाछाप डॉक्टर इंजेक्शने आणि गोळ्या देतात तेव्हा त्यांत काय असते, तेही विचारले पाहिजे.

तरी काळजीचा यात काहीच हात नाही, असेही नाही. १९९५ च्या जानेवारीत जपानमध्ये कोबे शहराच्या भागात मोठा भूकंप झाला, त्यानंतर तेथे जठरातील रक्तस्राव करणारे व्रण वाढल्याचे डॉक्टरांना दिसले. जंतू बी असेल, तर काळजी त्या बीला ओल देते, असे शेतकऱ्याच्या भाषेत म्हणता येईल.

म्हणून पुढील खुणा दिसल्या तर "टेन्शन" हा शब्दसुद्धा तोंडी न आणता डॉक्टरांकडे जावे:

शौच डांबरासारखे काळे होणे किंवा त्यात रक्त दिसणे. रक्ताची किंवा कॉफीसारख्या रंगाची उलटी.
प्रयत्न न करता वजन घटणे, अंग पांढरे पडणे.
घास अडकणे, वारंवार उलट्या होणे.
दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणे. संध्याकाळचा बारीक ताप.
पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार.

आपल्या देशात आतड्यांचा क्षयरोगही आढळतो आणि तो पुष्कळ दिवस साध्या पोटदुखीच्या वेषात राहतो, हे विसरू नये. तसेच छातीत जळजळ, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ, घाम आणि धाप असे एकत्र आले, तर ते पित्त समजून सोडा पिऊ नका. ते हृदय असू शकते. ताबडतोब रुग्णालय गाठा.

शेतकऱ्यासाठी आणखी एक इशारा. फवारणीनंतर पोटात कळा, मळमळ, जुलाब, तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्यांपुढे धूसर असे झाले तर ते अपचनही नव्हे आणि चिंताही नव्हे, ती विषबाधा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीने वीसच्या आसपास माणसे दगावली. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर घ्या आणि वेळ न दवडता रुग्णालयात जा.

"काही नाही" म्हणजे काय?

पुष्कळदा सारे तपास होतात आणि डॉक्टर म्हणतात, "काही नाही." रुग्णाला ते शब्द जिव्हारी लागतात. आपण ढोंग करतो असे डॉक्टरांना वाटते, अशी त्याची समजूत होते. घरचेही "मनाचे खेळ" म्हणून मोकळे होतात.

आमचे म्हणणे असे की, येथे शब्द चुकतो. "काही नाही" याचा अर्थ व्रण नाही, गाठ नाही, क्षय नाही, एवढाच. दुखणे नाही, असा नव्हे. तारेत प्रवाह कमीजास्त होत असेल तर मोटर उघडून पाहिल्याने दोष दिसत नाही, पण पाणी मात्र चढत नाही. पोटाचेही तसेच. रचना ठीक असते, चालणे बिघडलेले असते. अशा तक्रारी थोड्याथोडक्या नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांच्या पाहणीत, ज्या देशांत घरोघर जाऊन विचारले, तेथे साधारण पाचांत एका माणसाला असा काही ना काही विकार आढळला. त्या देशांत भारतही होता.

यावर उपाय आहेत. त्यांपैकी एका उपायाबद्दल गैरसमज फार आहे. मन उदास होण्यावर जी अ‍ॅमिट्रिप्टिलिन नावाची जुनी गोळी देतात, ती अगदी थोड्या मात्रेत आतड्यांच्या अशा दुखण्यावर उपयोगी पडते. इंग्लंडमधील ४६३ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात हे दिसून आले आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा डॉक्टरांनी अशी गोळी लिहून दिली तर "मला वेडा ठरविले" म्हणून चिठ्ठी फाडू नका. त्याचबरोबर शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून ती स्वतःच्या मनाने घेऊही नका.

घरी काय करावे

सकाळी शेतावर जाण्यापूर्वी चहाबरोबर भाकरी-पोळीचा एक तुकडा तरी पोटात जाऊ द्या. जेवणाच्या वेळा शक्यतो रोज त्याच ठेवा. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. सेव, कचोरी आणि तुपात बुडविलेला बाफला ही माळव्याची शान आहे, ती सणावारी राहो. बिडी-तंबाखू सुटेल तितकी सोडा. दिवस मावळल्यावर चहा नको.

नीमच-मंदसौरकडे पिकणारे इसबगोल आपण गाड्या भरभरून बाहेर पाठवितो, पण स्वतः घेत नाही. पोट साफ न होणे किंवा वरचेवर बिघडणे यावर त्याचा भुसा चांगला उपयोगी पडतो. एक चमचा पेलाभर पाण्यात घ्यावा आणि वर आणखी पाणी प्यावे. पित्ताच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्या तितकेच दिवस घ्याव्यात. त्या वर्षभर चालू असतील तर कशासाठी चालू आहेत, हे एकदा विचारून घ्यावे.

दिवसातून दोनदा पाच मिनिटे स्वस्थ बसा. हात पोटावर ठेवा आणि पोट फुगेल असा संथ श्वास घ्या, त्याहून संथ सोडा. हा उपाय फुकटचा आहे म्हणून त्याला हलका समजू नका. शरीराला "वाघ गेला" हा निरोप याच वाटेने मिळतो.

आणि घरातील बायकांकडे लक्ष द्या. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते, गार झालेले, घाईघाईने त्या खातात. नवऱ्याने सांगितलेली आणि न सांगितलेली, दोन्ही काळज्या त्यांच्या पोटात जातात. त्यांचे पोट दुखले तर "बायकांचे असतेच" म्हणून सोडू नका. जी तपासणी घरधन्याची, तीच घरधनिणीची.

मुळावर औषध

तथापि कर्जाची काळजी इसबगोलाने जात नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. डोक्यात फिरणारी काळजी कागदावर उतरवा. कोणाचे किती देणे, कोणत्या तारखेला, किती व्याजाने, हे एका वहीत लिहा आणि ती वही घरधनिणीलाही दाखवा. किसान क्रेडिट कार्डावरील तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडले तर व्याज ४ टक्के पडते. सावकाराचे व्याज त्याशेजारी लिहून पाहा. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपासाठी शेतकऱ्याचा हप्ता २ टक्के आणि गहू-हरभऱ्यासाठी दीड टक्का असतो. गारपीट झाली किंवा शेतात पाणी साचून पीक गेले तर ७२ तासांच्या आत कळवावे लागते. कित्येक जण रडण्यात ते तीन दिवस घालवितात. ज्या काळजीला आकडा आणि तारीख असते, ती काळजी निम्मी होते.

राहिलेली निम्मी बोलून हलकी होते. येथे आपल्या ख्रिस्ती समाजाला आमचे स्पष्ट सांगणे आहे. चिंतेने खंगलेल्या माणसाला "तुझा विश्वास कमी पडतो" असे कोणी म्हणू नये. पाय मोडलेल्याला आपण तसे म्हणत नाही. प्रार्थना जरूर करावी, पण त्याच्याबरोबर बसून करावी, आणि नंतर त्याच्याबरोबर बँकेत किंवा दवाखान्यातही जावे. रविवारी मिस्सा संपल्यावर आपण पावसाची, पिकाची, भावाची चौकशी करतो. त्यातच एक प्रश्न वाढवावा: "जेवण जाते ना? झोप लागते ना?" ज्याचे उत्तर अडखळते, त्याच्या घरी संध्याकाळी जाऊन यावे.

जो वारंवार "आता सुटलो तर बरे" असे बोलतो, त्याला एकटे सोडू नका. घरातील फवारणीची औषधे आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. १४४१६ हा शासनाचा टेलिमानस दूरध्वनी २०२२ पासून रात्रंदिवस, विनाशुल्क चालतो. मराठीतही बोलता येते.

पोट हे शरीरातील मुके जनावर आहे. त्याला बोलता येत नाही म्हणून ते दुखते. बैल चारा खाईनासा झाला, तर आपण त्याला चाबूक मारीत नाही. त्याचे खूर पाहतो, तोंड उघडून पाहतो, गोठ्यात काही बिघडले का ते पाहतो. तेवढीच चौकशी आपल्या माणसाच्या पोटाचीही करावी. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, मग त्याच्याजवळ बसून विचारावे की, बाबा, पोटात काय ठेवले आहेस?